जेरंड (इंग्रजी व्याकरण)

जेरंड हे इंग्रजी भाषेतील क्रियापदाचे एक रूप आहे. मूळ धातूला '-इंग' हा प्रत्यय लागून ते तयार होते आणि वाक्यात नामाचे कार्य करते. मराठी शालेय व्याकरणात त्याला 'धातुसाधित नाम' किंवा 'क्रियावाचक नाम' म्हणतात. 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज' (पोहणे हा चांगला व्यायाम आहे) या वाक्यात 'स्विमिंग' हा कर्ता आहे, तर 'शी एन्जॉइज स्विमिंग' (तिला पोहण्यात आनंद वाटतो) या वाक्यात तोच शब्द कर्म आहे. पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांच्या भारतात दीर्घकाळ वापरात असलेल्या शालेय व्याकरणात नाम व क्रियापद या दोहोंचे गुण असलेले रूप असे त्याचे वर्णन आहे.

मराठीतील '-णे' प्रत्ययान्त रूप (वाचणे, लिहिणे, पोहणे) हे जेरंडचे सर्वांत जवळचे प्रतिरूप होय. मराठी माध्यमात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या साम्याचा मोठा आधार मिळतो. मात्र हेच '-णे' रूप इंग्रजीतील जेरंड आणि 'टु'सह येणारे इन्फिनिटिव्ह (हेत्वर्थक रूप) या दोहोंसाठी वापरले जात असल्याने अनेक चुकांचे मूळही त्यातच आहे.

== व्युत्पत्ती आणि इतिहास ==

'जेरंड' ही संज्ञा लॅटिन व्याकरणातील 'गेरुंडिउम' या शब्दावरून आली असून त्याच्या मुळाशी 'गेरेरे' (वाहणे, करणे, पार पाडणे) हा धातू आहे. लॅटिनमधील जेरंड मात्र प्रथमेत, म्हणजे वाक्याचा कर्ता म्हणून, वापरला जात नाही. ते काम तेथे इन्फिनिटिव्ह करते. इंग्रजीतील जेरंड हा कर्ता म्हणून मुक्तपणे येतो. नाव लॅटिनचे असले तरी हे रूप इंग्रजीचे स्वतःचे आहे.

प्राचीन इंग्रजीत '-उंग' व '-इंग' हे धातूपासून नाम बनविणारे प्रत्यय होते. जर्मन भाषेत '-उंग' हा प्रत्यय आजही त्याच कामासाठी वापरला जातो. वर्तमानकालवाचक धातुसाधित विशेषणासाठी प्राचीन इंग्रजीत '-एंडे' हा वेगळा प्रत्यय होता. मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात हा भेद पुसट होत गेला आणि दोन्ही कामांसाठी '-इंग' हे एकच रूप उरले. त्याच काळात '-इंग' नामाला क्रियापदाचे गुणही प्राप्त होऊ लागले. ते स्वतःचे कर्म घेऊ लागले आणि त्याला क्रियाविशेषण जोडले जाऊ लागले. आजच्या इंग्रजीत एकाच '-इंग' रूपाची नाम, विशेषण आणि क्रियापदाचा भाग अशी तीन कामे दिसतात, ती या इतिहासामुळेच.

आधुनिक व्याकरणकारांमध्ये या संज्ञेविषयी मतभेद आहेत. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बृहद् व्याकरणात जेरंड व पार्टिसिपल हे दोन वेगळे प्रकार न मानता 'जेरंड-पार्टिसिपल' अशी एकच संज्ञा वापरली. शालेय अध्यापनात मात्र दोहोंतील भेद कायम राखला जातो, कारण वाक्यातील कार्य ओळखण्यासाठी तो उपयुक्त ठरतो.

== मराठी व संस्कृत व्याकरणातील समांतर रूपे ==

धातूपासून नाम बनविण्याची कल्पना मराठी भाषकाला नवी नाही. संस्कृतात 'ल्युट्' प्रत्ययाने पठन, गमन, लेखन यांसारखी नामे सिद्ध होतात, तर 'तुमुन्' प्रत्ययाने पठितुम्, गन्तुम् अशी हेतुवाचक रूपे होतात. मराठीत या दोन कार्यांची सीमारेषा इतकी स्पष्ट नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 मध्ये, तर मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 मध्ये प्रसिद्ध झाले. अशा ग्रंथांतून घडलेल्या परंपरेत धातूपासून बनलेल्या शब्दांना 'धातुसाधिते' किंवा 'कृदन्ते' म्हणतात आणि त्यांची नाम, विशेषण व अव्यय अशी विभागणी करतात.

मराठीत क्रियावाचक नामे मुख्यतः दोन प्रकारची आढळतात. पहिला प्रकार '-णे' प्रत्ययाचा आहे: वाचणे, गाणे, शिकवणे. दुसरा '-अन' प्रत्ययाने सिद्ध झालेल्या तत्सम नामांचा आहे: वाचन, गायन, अध्यापन. या दोहोंतील भेद इंग्रजीतील एका महत्त्वाच्या भेदाशी जुळतो.

* 'पुस्तके वाचणे' यात 'पुस्तके' हे 'वाचणे' या रूपाचे थेट कर्म आहे. इंग्रजीत याला 'रीडिंग बुक्स' म्हणतात.
* 'पुस्तकांचे वाचन' यात कर्माला षष्ठीचा प्रत्यय लागला आहे. इंग्रजीत याला 'द रीडिंग ऑफ बुक्स' म्हणतात.

पहिल्या रचनेतील 'रीडिंग' हा खरा जेरंड आहे. तो थेट कर्म घेतो आणि त्याला क्रियाविशेषण जोडता येते: 'रीडिंग बुक्स स्लोली' (पुस्तके सावकाश वाचणे). दुसऱ्या रचनेतील 'रीडिंग' हे पूर्ण नाम आहे. त्याच्या आधी 'द' येते, नंतर 'ऑफ' येते आणि त्याला विशेषण जोडले जाते: 'द स्लो रीडिंग ऑफ बुक्स' (पुस्तकांचे संथ वाचन). या दोन रचनांची मिसळ झाली की 'द रीडिंग बुक्स' असे अशुद्ध रूप तयार होते.

== कर्ता म्हणून उपयोग ==

जेरंड एकटा किंवा आपल्या कर्म-विस्तारासह वाक्याच्या आरंभी कर्ता म्हणून येतो.

* 'वॉकिंग इज गुड फॉर हेल्थ.' म्हणजे 'चालणे आरोग्यासाठी चांगले असते.'
* 'क्रॉसिंग द हायवे ॲट नाइट इज डेंजरस.' म्हणजे 'रात्री महामार्ग ओलांडणे धोक्याचे आहे.'
* 'ड्रायव्हिंग थ्रू द खंबाटकी घाट नीड्स केअर.' म्हणजे 'खंबाटकी घाटातून वाहन चालवताना काळजी घ्यावी लागते.'
* 'टीचिंग गर्ल्स वॉज नॉट ईझी इन 1848.' म्हणजे '1848 साली मुलींना शिकवणे सोपे नव्हते.'

तिसऱ्या वाक्याचे मराठी रूप लक्षणीय आहे. इंग्रजीत 'ड्रायव्हिंग' हा कर्ता असला तरी मराठीत 'चालवणे' या कर्त्यापेक्षा 'चालवताना' हे अव्यय अधिक स्वाभाविक वाटते. निर्जीव क्रियेला कर्त्याच्या जागी बसवून तिच्याकडून 'मागणे', 'घेणे', 'देणे' अशी कामे करून घेण्याची इंग्रजीची प्रवृत्ती मराठीत कमी आहे. त्यामुळे मराठीतून विचार करणारा विद्यार्थी जेरंडला कर्ता करण्याऐवजी 'व्हाइल', 'व्हेन' अशा शब्दांनी वाक्य सुरू करतो. असे वाक्य चुकीचे नसते, पण लांबते.

=== वचनाचा प्रश्न ===

कर्ता म्हणून आलेला एकटा जेरंड नेहमी एकवचनी मानला जातो. त्याचे कर्म अनेकवचनी असले तरी क्रियापद एकवचनीच राहते. 'रीडिंग नॉव्हेल्स इज माय हॉबी' हे वाक्य शुद्ध आहे. 'रीडिंग नॉव्हेल्स आर माय हॉबी' हे अशुद्ध आहे, कारण कर्ता 'नॉव्हेल्स' नसून 'रीडिंग' आहे. क्रियापदाच्या लगत आलेल्या अनेकवचनी नामामुळे ही चूक होते. मराठीत 'कादंबऱ्या वाचणे हा माझा छंद आहे' असे म्हणताना कोणी 'आहेत' म्हणत नाही. हे लक्षात ठेवल्यास इंग्रजीतही चूक टळते.

दोन स्वतंत्र क्रिया 'अँड'ने जोडल्यास क्रियापद सामान्यतः अनेकवचनी होते: 'रीडिंग अँड रायटिंग आर टू डिफरंट स्किल्स' (वाचणे आणि लिहिणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत). दोन क्रिया मिळून एकच परिस्थिती सूचित होत असेल, तर एकवचन येते: 'लिव्हिंग इन शिरवळ अँड वर्किंग इन पुणे इज टायरिंग' (शिरवळला राहून पुण्यात नोकरी करणे थकवणारे आहे). येथे राहणे आणि नोकरी करणे या दोन वेगळ्या गोष्टींची गणना नसून रोजच्या धावपळीची एकच अवस्था सांगितली आहे. मराठीतही अशा वेळी 'राहणे आणि नोकरी करणे' असे न म्हणता 'राहून नोकरी करणे' असे एकत्रित रूप वापरले जाते.

=== 'इट'ने सुरू होणारी वाक्ये ===

कर्ता लांबला असता इंग्रजीत 'इट' हा रिक्त कर्ता आरंभी ठेवून खरा कर्ता वाक्याच्या शेवटी नेतात. अशा रचनेत बहुधा इन्फिनिटिव्ह येते: 'इट इज ईझी टु क्लाइंब धिस हिल' (ही टेकडी चढणे सोपे आहे). तेच वाक्य जेरंड वापरून 'क्लाइंबिंग धिस हिल इज ईझी' असे होते. शालेय परीक्षांत सूचनेनुसार वाक्यबदल करण्याच्या प्रश्नांत हे रूपांतर विचारले जाते. काही ठरावीक प्रयोगांत 'इट'नंतर जेरंडच येतो. 'इट इज नो यूज क्राइंग नाउ' (आता रडून उपयोग नाही) हा त्यातील सर्वपरिचित प्रयोग होय.

== कर्म म्हणून उपयोग ==

=== मराठीतील कर्ता, इंग्रजीतील कर्म ===

'आय लाइक स्विमिंग' या वाक्यात 'आय' हा कर्ता आणि 'स्विमिंग' हे कर्म आहे. मराठीत हाच आशय 'मला पोहणे आवडते' असा व्यक्त होतो. येथे 'मला' हे चतुर्थीचे रूप असून क्रियापद 'पोहणे' या नपुंसकलिंगी एकवचनी शब्दानुसार चालते. 'मला आंबा आवडतो', 'मला चिंच आवडते' या वाक्यांत क्रियापद जसे आंबा व चिंच यांच्या लिंगानुसार बदलते, तसाच हा प्रकार आहे. शालेय मराठी व्याकरणात अशा वाक्यांत आवडणाऱ्या वस्तूलाच कर्ता मानण्याची पद्धत आहे. काही आधुनिक अभ्यासक अनुभव घेणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे 'मला' या पदाला, कर्त्याचे स्थान देतात.

वाद कसाही सुटो, विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की आवड, कंटाळा, भीती, आठवण यांसारख्या अनुभवांत मराठीत जे पद प्रथमेत असते, ते इंग्रजीत कर्माच्या किंवा शब्दयोगी अव्ययाने जोडलेल्या पदाच्या जागी जाते. 'मला एकटे राहण्याची भीती वाटते' याचे इंग्रजी 'आय ॲम अफ्रेड ऑफ लिव्हिंग अलोन' असे होते. मराठी वाक्याचा क्रम जसाच्या तसा ठेवून 'टु मी स्विमिंग लाइक्स' अशी रचना करणे ही याच फरकातून उद्भवणारी आरंभीची चूक होय.

'टाळणे', 'संपवणे', 'थांबवणे' या मराठी क्रियापदांबरोबर मात्र '-णे' रूप इंग्रजीप्रमाणेच थेट कर्म असते. 'तो बोलणे टाळतो' आणि 'ही अव्हॉइड्स टॉकिंग', 'तिने लिहिणे संपवले' आणि 'शी फिनिश्ड रायटिंग' या जोड्यांत दोन्ही भाषांची रचना समान आहे.

=== जेरंड की इन्फिनिटिव्ह ===

इंग्रजीतील प्रत्येक क्रियापद आपल्या कर्मासाठी जेरंड घ्यायचा की इन्फिनिटिव्ह, हे ठरवते. या बाबतीत क्रियापदांचे चार गट पडतात.

* केवळ जेरंड घेणारी क्रियापदे: एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट, डिनाय, ॲडमिट, पोस्टपोन, प्रॅक्टिस, मिस, रिस्क, गिव्ह अप. उदा. 'ही डिनाइड टेकिंग द मनी' (पैसे घेतल्याचे त्याने नाकारले).
* केवळ इन्फिनिटिव्ह घेणारी क्रियापदे: वाँट, होप, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज, अग्री, एक्स्पेक्ट, ऑफर. उदा. 'शी डिसाइडेड टु लर्न इंग्लिश' (तिने इंग्रजी शिकायचे ठरवले).
* अर्थात फारसा फरक न होता दोन्ही घेणारी क्रियापदे: बिगिन, स्टार्ट, कंटिन्यू, लाइक, लव्ह, हेट, प्रिफर.
* अर्थ बदलून दोन्ही घेणारी क्रियापदे: स्टॉप, रिमेंबर, फरगेट, ट्राय, रिग्रेट.

स्थूलमानाने, जेरंड घडलेली, घडत असलेली किंवा परिचित असलेली क्रिया दाखवतो, तर इन्फिनिटिव्ह पुढे घडायची, इच्छिलेली किंवा ठरवलेली क्रिया दाखवते. 'डिनाय', 'ॲडमिट', 'फिनिश' यांमागे घडलेली किंवा घडत आलेली क्रिया असते, तर 'वाँट', 'होप', 'डिसाइड' यांमागे भविष्यातील क्रिया असते. हा नियम परिपूर्ण नाही. 'सजेस्ट' आणि 'पोस्टपोन' यांचा रोख पुढच्या क्रियेकडे असूनही ती जेरंडच घेतात. म्हणून नियमाचा आधार घेऊन यादी वापराने आत्मसात करणे श्रेयस्कर ठरते.

मराठीत '-णे', '-ायचे' आणि '-ायला' ही तीन रूपे एकमेकांच्या जागी बऱ्याच अंशी वापरता येतात. 'पोहणे आवडते' आणि 'पोहायला आवडते' दोन्ही शुद्ध आहेत. 'ठरवणे', 'हवे असणे' यांसोबत '-ायचे' येते आणि त्याचे इंग्रजी बहुधा इन्फिनिटिव्हने होते. तथापि 'तो बोलायचे टाळतो' असेही मराठीत म्हणता येत असल्याने मराठी प्रत्ययावरून इंग्रजी रूप निश्चित करता येत नाही. 'आय एन्जॉय टु रीड' ही सर्वत्र आढळणारी चूक या मोकळेपणातूनच येते.

=== अर्थ बदलणाऱ्या जोड्या ===

चौथ्या गटातील क्रियापदांबाबत चूक झाल्यास वाक्य अशुद्ध ठरत नाही. ते शुद्ध राहून भलताच अर्थ सांगते. म्हणून हा गट विशेष काळजीचा आहे.

* 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे त्याने धूम्रपान सोडले. 'ही स्टॉप्ड टु स्मोक' म्हणजे धूम्रपान करण्यासाठी तो थांबला. पहिल्या वाक्यात 'स्मोकिंग' हे कर्म आहे, दुसऱ्यात 'टु स्मोक' हा थांबण्याचा हेतू आहे.
* 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे दार लावल्याचे मला आठवते. 'आय रिमेंबर्ड टु लॉक द डोअर' म्हणजे मी आठवणीने दार लावले.
* 'ट्राय रिस्टार्टिंग द मशीन' म्हणजे यंत्र पुन्हा सुरू करून पाहा. 'ट्राय टु रिस्टार्ट द मशीन' म्हणजे यंत्र पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करा.

मराठीत हे भेद '-णे' रूपाने नव्हे, तर 'लावल्याचे', 'आठवणीने', 'करून पाहणे', 'करण्यासाठी' अशा वेगवेगळ्या रचनांनी दाखवले जातात. शेवटच्या जोडीतील 'करून पाहा' हा मराठी प्रयोग 'ट्राय'नंतरच्या जेरंडचा अर्थ नेमका पकडतो. कारखान्यातील लेखी सूचनांत हा फरक व्यवहारदृष्ट्याही महत्त्वाचा आहे. पहिल्या सूचनेत यंत्र सहज सुरू होईल असे गृहीत धरून तो उपाय करून पाहण्यास सांगितले आहे, तर दुसरीत सुरू करणे हेच अवघड असल्याची सूचना आहे.

== शब्दयोगी अव्ययानंतरचा उपयोग ==

इंग्रजीत प्रीपोझिशननंतर, म्हणजे शब्दयोगी अव्ययाच्या कार्याच्या शब्दानंतर, क्रियापद आल्यास ते जेरंडच्या रूपातच येते. यासाठी मराठीत '-णे' रूपाचे सामान्यरूप होऊन त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागते.

* 'बिफोर गोइंग' म्हणजे जाण्यापूर्वी.
* 'आफ्टर ईटिंग' म्हणजे जेवल्यानंतर.
* 'फॉन्ड ऑफ रीडिंग' म्हणजे वाचनाची आवड असलेला.
* 'विदाउट आस्किंग' म्हणजे न विचारता.

या नियमातील सर्वांत मोठी अडचण 'टु' या शब्दाची आहे. 'टु' कधी इन्फिनिटिव्हची खूण असतो, तर कधी प्रीपोझिशन. 'लुक फॉरवर्ड टु', 'बी यूज्ड टु', 'ऑब्जेक्ट टु' या प्रयोगांत तो प्रीपोझिशन असल्याने पुढे जेरंड येतो. नोकरीच्या अर्जाच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू' असे लिहिणे ही अत्यंत प्रचलित चूक आहे. शुद्ध रूप 'आय लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू' असे आहे. 'टु'च्या पुढे एखादे नाम ठेवून पाहिल्यास खात्री करता येते. 'लुक फॉरवर्ड टु युअर लेटर' असे म्हणता येते, म्हणून येथील 'टु' प्रीपोझिशन आहे. 'वाँट टु युअर लेटर' असे म्हणता येत नाही, म्हणून तेथील 'टु' इन्फिनिटिव्हचा आहे.

'यूज्ड टु'च्या दोन अर्थांतही हाच फरक दिसतो. 'ही यूज्ड टु वेक अप अर्ली' म्हणजे तो पूर्वी लवकर उठत असे. 'ही इज यूज्ड टु वेकिंग अप अर्ली' म्हणजे त्याला लवकर उठण्याची सवय आहे.

== जेरंडचा स्वतःचा कर्ता ==

जेरंडने दर्शविलेली क्रिया कोणी केली हे सांगायचे असल्यास औपचारिक इंग्रजीत संबंधदर्शक रूप वापरतात: 'द टीचर डिड नॉट लाइक हिज कमिंग लेट'. मराठीतही येथे षष्ठीच येते: 'त्याचे उशिरा येणे शिक्षकांना आवडले नाही.' बोली इंग्रजीत 'हिज'च्या जागी 'हिम' येते. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी या दुसऱ्या रचनेला 'फ्यूज्ड पार्टिसिपल' असे नाव देऊन तिच्यावर कठोर टीका केली. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी इंग्रजी साहित्यातील जुन्या उदाहरणांच्या आधारे ती रचना स्वाभाविक असल्याचे प्रतिपादन केले. आज दोन्ही रचना रूढ आहेत. परीक्षा व औपचारिक लेखन यांत संबंधदर्शक रूप सुरक्षित मानले जाते आणि मराठी विद्यार्थ्याला तेच जवळचे वाटते.

नकारासाठी जेरंडपूर्वी 'नॉट' येते. मराठीत अशा ठिकाणी 'नाही' न येता 'न' येते: 'नॉट नोइंग इंग्लिश इज नो शेम' म्हणजे 'इंग्रजी न येणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही.' कर्मणी अर्थासाठी 'बीइंग' आणि पूर्ण झालेल्या क्रियेसाठी 'हॅविंग' वापरतात: 'शी डिसलाइक्स बीइंग कम्पेअर्ड विथ अदर्स' (इतरांशी तुलना केलेली तिला आवडत नाही). 'नीड' या क्रियापदानंतर मात्र साधा जेरंडच कर्मणी अर्थ देतो: 'द रूफ नीड्स रिपेअरिंग' (छप्पर दुरुस्त करायला हवे).

== पार्टिसिपलपासून भेद ==

जेरंड आणि वर्तमानकालवाचक पार्टिसिपल यांचे बाह्यरूप एकच असते. 'स्लीपिंग चाइल्ड' म्हणजे झोपलेले मूल. येथे 'स्लीपिंग' हे मुलाचे विशेषण आहे, कारण मूल झोपले आहे. 'स्लीपिंग बॅग' म्हणजे झोपण्यासाठीची पिशवी. येथे पिशवी झोपलेली नसते, म्हणून 'स्लीपिंग' हा जेरंड आहे. मराठी अर्थात 'साठी' किंवा 'ण्याचा-ची-चे' आल्यास जेरंड आणि 'णारा' किंवा 'लेला' आल्यास पार्टिसिपल, ही कसोटी बहुतेक ठिकाणी लागू पडते. 'ड्रिंकिंग वॉटर' (पिण्याचे पाणी) आणि 'वॉकिंग स्टिक' (चालण्यासाठीची काठी) हे जेरंड, तर 'रनिंग वॉटर' (वाहते पाणी) हे पार्टिसिपल होय.

नोम चॉम्स्की यांच्या 1965 मधील ग्रंथामुळे भाषाशास्त्रात प्रसिद्ध झालेले 'फ्लाइंग प्लेन्स कॅन बी डेंजरस' हे वाक्य या साम्यातून निर्माण होणाऱ्या द्व्यर्थाचे उदाहरण आहे. 'विमाने उडवणे धोकादायक असू शकते' आणि 'उडणारी विमाने धोकादायक असू शकतात' असे त्याचे दोन अर्थ होतात. 'कॅन' या साहाय्यक क्रियापदात वचनाची खूण नसल्याने अर्थ ठरत नाही. तेथे 'इज' घातल्यास जेरंडचा आणि 'आर' घातल्यास पार्टिसिपलचा अर्थ निश्चित होतो. मराठी वाक्यांत '-वणे' व '-णारी' ही रूपेच भिन्न असल्याने असा संभ्रम उरत नाही.

'किंग', 'थिंग', 'स्प्रिंग' या शब्दांच्या अखेरीस '-इंग' असले तरी तो प्रत्यय नसून मूळ शब्दाचा भाग आहे. ते जेरंड नव्हेत.

== मराठीत रुळलेले '-इंग' शब्द ==

जेरंडची संज्ञा अपरिचित असली तरी '-इंग' प्रत्ययाचे अनेक शब्द मराठी भाषकांच्या रोजच्या वापरात आहेत. सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नीरा नदीकाठी वसलेले शिरवळ हे खंडाळा तालुक्यातील गाव पुणे–बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गावर असून तेथे औद्योगिक वसाहत आहे. अशा गावांत वेल्डिंग, पॅकिंग, वायरिंग, बुकिंग, पार्किंग, ट्रेनिंग, चेकिंग, सर्व्हिसिंग हे शब्द दुकानांच्या पाट्यांवर आणि कामगारांच्या बोलण्यात नित्य आढळतात. 'नो पार्किंग' आणि 'नो स्मोकिंग' या पाट्या म्हणजे 'नो'नंतर नामाच्या जागी आलेल्या '-इंग' रूपाची सर्वांना पाठ असलेली उदाहरणे आहेत.

मराठीने हे शब्द नाम म्हणूनच स्वीकारले आणि त्यांना क्रियापद करण्यासाठी 'करणे', 'होणे' यांची जोड दिली: वेल्डिंग करणे, बुकिंग होणे. लिंगाच्या बाबतीतही एक प्रवृत्ती दिसते. क्रिया दाखवणारे शब्द बहुधा '-णे' रूपाप्रमाणे नपुंसकलिंगी होतात: ट्रेनिंग झाले, बुकिंग केले. मूर्त वस्तू किंवा घटना दाखवणारे शब्द त्यांच्या मराठी पर्यायाचे लिंग घेतात: 'इमारत'प्रमाणे 'बिल्डिंग बांधली', 'सभे'प्रमाणे 'मीटिंग झाली'. इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीनेही 'बिल्डिंग' हा शब्द इमारत या अर्थाने जेरंड राहत नाही. त्याचे अनेकवचन 'बिल्डिंग्ज' होते आणि तो कर्म घेत नाही. 'बिल्डिंग अ हाउस टेक्स टाइम' (घर बांधायला वेळ लागतो) या वाक्यात मात्र तोच शब्द जेरंड असतो.

== महाराष्ट्रातील अध्यापन ==

शिरवळजवळील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मस्थान आहे. त्यांचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी झाला. 1854 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहात शोषित समाजाने इंग्रजी शिकावे असे आवाहन करणाऱ्या रचना आहेत. इंग्रजी हे ज्ञानाचे व समतेचे साधन आहे ही भूमिका महाराष्ट्रात तेव्हापासून मांडली जात आली आहे.

मराठीतून इंग्रजी शिकण्यासाठी 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' अनेक पिढ्यांनी वापरली. तीत मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्याचे मराठी करत व्याकरण शिकवण्याची पद्धत होती. राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत 2000 पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी विषय सुरू झाला. त्यापूर्वी तो पाचवीपासून शिकवला जात असे.

भाषांतर पद्धतीत '-णे' म्हणजे '-इंग' असे समीकरण सहज रुजते. कर्त्याच्या जागी ते जवळजवळ नेहमी यशस्वी होते, कारण 'पोहणे', 'शिकवणे', 'चालणे' यांनी सुरू होणारे मराठी वाक्य जेरंडने सुरू होणाऱ्या इंग्रजी वाक्याशी जुळते. कर्माच्या जागी मात्र इंग्रजी क्रियापदाची निवड निर्णायक ठरते आणि प्रीपोझिशननंतर तर पर्यायच उरत नाही. म्हणून 'एन्जॉय', 'अव्हॉइड', 'डिसाइड' यांसारखे क्रियापद नव्याने शिकताना त्याच्या पुढे येणाऱ्या रूपासह, म्हणजे 'एन्जॉय रीडिंग', 'अव्हॉइड टॉकिंग', 'डिसाइड टु गो' असे जोडीने लक्षात ठेवणे उपयुक्त ठरते.